जमीन कोणाच्या नांवावर?

डॉ. बीना अगरवाल यांच्या संशोधनाचा शेतकऱ्यांसाठीं परिचय

आपल्या मासिकांतून सुधारलेलें बियाणें, खतें, पाणीपुरवठा, सहकारी पतपेढ्या व बाजारभाव या विषयांवर वाचकांना वेळोवेळीं माहिती मिळत असते. शेतीची सुधारणा म्हटली कीं याच गोष्टी आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात, आणि तें योग्यही आहे. परंतु एक प्रश्न असा आहे कीं, तो रोज आपल्या अंगणांत उभा असूनही आपली दृष्टि त्याच्याकडे वळत नाहीं. पेरणीच्या वेळीं चाड्यावर मूठ धरणारी, भर उन्हांत खुरपणी करणारी, कापूस वेचणारी, गुडघाभर चिखलांत भाताचीं रोपें लावणारी आणि खळ्यावर धान्य उफणणारी जी स्त्री, तिचें नांव सात-बाराच्या उताऱ्यावर कां नसतें? आणि तें नसल्यामुळें कोणाचें काय बिघडतें?

हा प्रश्न भावनेचा नसून अर्थशास्त्राचा आहे, असें एका भारतीय विदुषीनें आंकड्यांनीं सिद्ध करून दाखविलें आहे. त्यांच्या अभ्यासाची ओळख जमीनधारक शेतकऱ्यांस करून द्यावी, हा या लेखाचा हेतु आहे. कारण ज्याच्या हातीं जमीन, त्याच्याच हातीं या प्रश्नाचें उत्तर आहे.

डॉ. बीना अगरवाल यांचें शिक्षण केंब्रिज व दिल्ली येथें झालें. दिल्लीच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक ग्रोथ’ या संस्थेंत त्यांनीं अनेक वर्षें अध्यापन व संशोधन केलें, पुढें त्या संस्थेच्या संचालिका झाल्या, आणि त्यानंतर इंग्लंडांतील मँचेस्टर विद्यापीठांत विकास-अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. सन २००८ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली; सन २०१७ मध्यें युरोपांतील बाल्झान पारितोषिक मिळालें. परंतु त्यांची खरी ओळख पदव्यांवरून नव्हे, तर त्यांनीं जे प्रश्न विचारले त्यांवरून करून घेतली पाहिजे.

यंत्रापासून आरंभ

डॉ. अगरवाल यांचा पहिला मोठा अभ्यास स्त्रियांविषयीं नव्हता, तो यंत्रांविषयीं होता. हरित क्रांतीच्या काळांत पंजाबांत गव्हाचें नवें बियाणें, कूपनलिका व ट्रॅक्टर हीं तिन्ही जवळजवळ एकदमच आलीं. पीक वाढलें हें सर्वांस दिसत होतें. पण तें कशामुळें वाढलें? ट्रॅक्टरवाले म्हणत ट्रॅक्टरमुळें, पाणीवाले म्हणत पाण्यामुळें. अगरवालबाईंनीं नांगरट, पेरणी, पाणी देणें, मळणी हीं कामें एकेक वेगळीं काढून, प्रत्येक कामांत यंत्रानें किती बैल व किती माणसें कमी झालीं आणि पाण्यानें किती काम वाढलें, याचा हिशेब मांडला. घरचा माणूस, सालदार व रोजंदारीचा मजूर यांचा विचारही निराळा केला. हा ग्रंथ सन १९८३ मध्यें प्रसिद्ध झाला.

या अभ्यासांतून त्यांची एक रीत ठरून गेली. ‘शेतीची भरभराट झाली’ असें एका वाक्यांत म्हणून त्या थांबत नाहींत. भरभराट झाली तर ती कोणाची, असा पुढचा प्रश्न त्या विचारतात. भाताच्या नव्या जातींचा खेड्यांतील स्त्रियांवर काय परिणाम झाला, हें त्यांनीं सन १९८४ च्या सुमारास तपासलें. तेथें त्यांना आढळलें कीं, एकाच गांवांत, एकाच हंगामांत, जमीनधारकाच्या घरची स्त्री व भूमिहीन मजुराच्या घरची स्त्री यांच्या वांट्याला नवें पीक सारखें येत नाहीं. जेथें लावणी-खुरपणी वाढते तेथें मजूर स्त्रीस काम मिळतें. जेथें यंत्र येतें तेथें बहुधा तिचेंच काम आधीं जातें.

चूल आणि सरपण

यानंतर त्यांनीं सरपणाचा विषय हातीं घेतला. सन १९८६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या नांवाचा अर्थ ‘थंड चुली आणि उघडे डोंगर’ असा होतो. जंगल कमी झालें म्हणजे सरपणासाठीं बाईला आणखी दूर जावें लागतें. तिचे तास वाढतात, आणि तितके शेतांतून व मुलांच्या संगोपनांतून वजा होतात. सरकारनें व संस्थांनीं धूर कमी करणाऱ्या सुधारलेल्या चुली काढल्या, पण पुष्कळ ठिकाणीं त्या रुजल्या नाहींत. याचें एक कारण डॉ. अगरवाल यांनीं साध्या शब्दांत सांगितलें. चूल वापरते बाई, धूर सोसते बाई. पण चुलीसाठीं पैसा खर्चावा कीं नाहीं हें ठरवितो पुरुष. ज्याला धूर लागत नाहीं त्याला नव्या चुलीची निकड कशी वाटणार?

येथें त्यांच्या विचाराला वळण मिळालें. खेड्यांतील दारिद्र्य मोजतांना अर्थशास्त्रज्ञ कुटुंबाच्या उंबरठ्यापर्यंत येत आणि तेथूनच परत फिरत. घराचें उत्पन्न इतकें, माणसें इतकीं, म्हणून माणशीं उत्पन्न इतकें, असा तो हिशेब. उंबरठ्याच्या आंत तें उत्पन्न कसें वांटलें जातें, याची कोणी चौकशी करीत नसे.

घर म्हणजे एकच इच्छा नव्हे

जुना अर्थशास्त्रीय सिद्धांत असा कीं, कुटुंब म्हणजे जणूं एकच माणूस. कर्ता सर्वांचें हित पाहतो व सर्वांची इच्छा एक असते. प्रा. अमर्त्य सेन प्रभृति विद्वानांनीं यावर आक्षेप घेतला, आणि डॉ. अगरवाल यांनीं सन १९९७ च्या एका प्रसिद्ध निबंधांत तो विचार पुढें नेला. त्यांचें म्हणणें असें कीं, घरांत माया असते तशीच ओढाताणही असते. या ओढाताणींत कोणाचें म्हणणें चालेल, हें ज्याच्या त्याच्या आधारावर अवलंबून असतें. उद्यां घर फुटलें, नवरा वारला किंवा त्यानें टाकून दिलें, तर माणूस कशाच्या बळावर उभा राहील? तो आधार भक्कम असेल तर घर न फुटतांही त्या माणसाच्या शब्दाला किंमत येते. आधार नसेल तर शब्द गिळावा लागतो.

शेतकऱ्याला हें समजण्यास ग्रंथ लागत नाहीं. व्यापाऱ्याशीं भाव ठरवितांना ज्याच्याजवळ साठवणीची सोय आहे व ज्याला उद्यांच्या हप्त्याची घाई नाहीं, तो थांबूं शकतो, म्हणून त्याला बरा भाव मिळतो. ज्याच्या दारांत सावकार उभा आहे तो पडेल भावानें माल टाकतो. माल दोघांचा सारखाच असतो, फरक असतो तो आधाराचा. घराच्या आंतही हाच नियम चालतो, एवढेंच डॉ. अगरवाल यांनीं दाखविलें. मग खेड्यांतील स्त्रीला आधार कोणता? शिक्षण व मजुरी हीं आहेतच. परंतु जेथें सारें जीवन जमिनीभोंवतीं फिरतें, तेथें जमिनीसारखा दुसरा आधार नाहीं. ती दुष्काळांतही राहते, कर्जास तारण होते, पडीक पडली तरी चारा व काटक्या देते, आणि गांवांत मान मिळवून देते.

स्वतःचें एक शेत

हा विचार सन १९९४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘अ फील्ड ऑफ वन्स ओन’ या मोठ्या ग्रंथांत पूर्णपणें मांडला आहे. नांवाचा अर्थ ‘स्वतःचें एक शेत’. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ व श्रीलंका या पांच देशांतील चालीरीति, कायदे व प्रत्यक्ष व्यवहार यांचा त्यांत शोध आहे. केरळांतील नायर, मेघालयांतील गारो व खासी अशा समाजांत जमीन पूर्वीं आईकडून मुलीकडे जात असे. म्हणजे स्त्रीनें जमीन धारण करणें ही आपल्या भूमीला अपरिचित गोष्ट नव्हे, हेंही त्यांनीं पुराव्यानिशीं दाखविलें.

स्त्रीच्या नांवें जमीन कां असावी, याचीं चार कारणें त्या देतात. पहिलें पोटाचें: आईच्या हातांतील उत्पन्न मुलांच्या अन्नावर व शाळेवर अधिक खर्च होतें. दुसरें उत्पादनाचें: जी कसते तिच्या नांवावर जमीन असेल तर तिला कर्ज, खत व सल्ला मिळतो आणि ती जमिनींत पैसा घालते. तिसरें न्यायाचें, आणि चौथें स्त्रीच्या आत्मबळाचें. यांपैकीं दुसरें कारण शेतकरी वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें सन २०११ मध्यें अंदाज केला होता कीं, शेतकरी स्त्रियांना पुरुषांइतकींच साधनें मिळालीं तर त्यांच्या शेतांचें उत्पादन शेंकडा २० ते ३० वाढेल, आणि विकसनशील देशांचें एकूण शेती-उत्पादन शेंकडा अडीच ते चार वाढेल. बाई कमी पिकविते ती बाई म्हणून नव्हे, तिला साधनें कमी मिळतात म्हणून, असा याचा अर्थ आहे.

माहेर आणि हक्कसोडपत्र

मग कायद्यानें मिळालेला हिस्सा मुली घेत कां नाहींत? सन १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें बापाच्या मिळकतींत मुलीला वारस केलें, तरी प्रत्यक्षांत फारच थोड्या मुलींच्या नांवें जमीन झाली. मार्था चेन या अभ्यासिकेनें सन १९९१ मध्यें निरनिराळ्या प्रांतांतील खेड्यांत विधवांची पाहणी केली. बापाची जमीन होती अशा ४७० स्त्रियांपैकीं शेंकडा १३ स्त्रियांनाच मुलगी म्हणून हिस्सा मिळाला होता. नवऱ्याची जमीन होती अशा २८० विधवांपैकीं सुमारें निम्म्यांना कांहीं जमीन मिळाली होती. हा आधार डॉ. अगरवाल वारंवार देतात.

त्यांनीं याचें जें कारण शोधलें तें महाराष्ट्रांतील प्रत्येक घराला ओळखीचें आहे. मुलीला माहेर हवें असतें. सासरीं कांहीं कमीजास्त झालें, नवरा गेला, तर भावाचें दार हाच तिचा शेवटचा आसरा. भाऊबीजेला बोलावणें यावें, बाळंतपणाला जागा मिळावी, मुलांच्या लग्नांत मामा उभा राहावा, यासाठीं ती आपला हिस्सा सोडते. वरकरणीं हें प्रेमानें दिलेलें दान दिसतें. परंतु ज्याला नाहीं म्हणण्याची सोय नाहीं, त्याच्या होकाराला दान म्हणतां येईल काय?

प्रस्तुत लेखकास याविषयीं दुसऱ्यांकडे बोट दाखविण्याचा अधिकार नाहीं. वडील वारल्यावर आमच्या घरीं वारसनोंद लागली तेव्हां दोघी बहिणींनीं हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. त्यांना कोणी धाक घातला नाहीं. ‘सही करायची असते’ एवढेंच घरांतील वडील माणसांनीं सांगितलें, आणि मीं गप्प राहिलों. खण-नारळ व लुगडें घेऊन त्या आपापल्या घरीं गेल्या. पुढें धाकटीला वैधव्य आलें. तिनें कधीं कांहीं मागितलें नाहीं. पण दर सुगीला तिच्या घरीं धान्याचें पोतें पाठवितांना माझ्या मनांत येई कीं, मीं पाठवितों तें तिचेंच आहे आणि उपकार मात्र माझा ठरतो. डॉ. अगरवाल यांचें विवेचन वाचलें तेव्हां त्या अस्वस्थतेचा अर्थ मला कळला.

मालमत्ता आणि मारहाण

स्त्रीच्या नांवावर घर किंवा जमीन असल्यानें घरांत काय फरक पडतो, हें आंकड्यांनीं पाहण्यासाठीं डॉ. अगरवाल यांनीं प्रदीप पांडा यांच्यासह केरळांतील तिरुवनंतपुरम जिल्ह्यांत खेडीं व शहर मिळून सुमारें पांचशें विवाहित स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष सन २००५ मध्यें प्रसिद्ध झाले. ज्यांच्या नांवावर जमीनही नव्हती आणि घरही नव्हतें, अशा स्त्रियांपैकीं शेंकडा ४९ स्त्रियांना संसारांत दीर्घकाळ मारहाण सोसावी लागली होती. ज्यांच्याजवळ केवळ जमीन होती त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा १८, केवळ घर होतें त्यांच्यांत शेंकडा १०, आणि दोन्ही होतीं त्यांच्यांत शेंकडा ७ होतें. शिक्षण, नोकरी, नवऱ्याचें व्यसन इत्यादि गोष्टी हिशेबांत घेऊनही मालमत्तेचा परिणाम टिकून राहिला.

हे आंकडे वाचून कोणाही बापानें क्षणभर थांबावें. मुलीच्या लग्नांत आपण कर्ज काढून भांडीं, दागिने, मोटारसायकल व मानपान देतों. यांतलें बहुतेक सासरच्यांच्या हातीं जातें आणि कांहीं वर्षांत झिजून किंवा विकून संपतें. हुंड्यास तर सन १९६१ पासून कायद्याची बंदी आहे. तोच पैसा मुलीच्या नांवावर जमिनीच्या वा घराच्या रूपानें राहिला तर तो तिच्या अंगावरचें कवच होतो. तिला तें वापरावेंच लागेल असें नाहीं. तें आहे, हें सर्वांस ठाऊक असणें पुरेसें होतें.

कायद्याची दुरुस्ती

डॉ. अगरवाल यांचें कार्य ग्रंथांपुरतें राहिलें नाहीं. सन १९५६ च्या कायद्यांत दोन मोठ्या उणीवा होत्या. एक, एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतींत मुलगा जन्मतःच हिस्सेदार होई, मुलगी होत नसे. दुसरी, कलम ४ च्या पोटकलमानें शेतजमिनीच्या धारणेविषयींचे कांहीं प्रांतिक कायदे या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले होते. त्यामुळें उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा यांसारख्या प्रांतांत शेतजमिनीच्या बाबतींत मुलीला मागें ढकलणारे नियम चालूच राहिले. पहिली उणीव आंध्र प्रदेशानें सन १९८६ मध्यें, तामिळनाडूनें सन १९८९ मध्यें, आणि महाराष्ट्र व कर्नाटक यांनीं सन १९९४ मध्यें आपापल्यापुरती बऱ्याच अंशीं दूर केली. पण त्या दुरुस्त्यांत कायद्यापूर्वीं विवाह झालेल्या मुली वगळल्या होत्या.

डिसेंबर २००४ मध्यें मध्यवर्ती सरकारनें दुरुस्तीचें विधेयक आणलें, त्यांत शेतजमिनीची उणीव तशीच होती. ती दूर व्हावी म्हणून डॉ. अगरवाल यांनीं अनेक संस्थांना व कायदेपंडितांना बरोबर घेऊन चळवळ केली, खासदारांपुढें व संसदेच्या समितीपुढें बाजू मांडली. अखेर ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलांत आलेल्या कायद्यानें दोन्ही उणीवा दूर झाल्या. मुलगी, विवाहित असो वा अविवाहित, मुलाप्रमाणेंच जन्मतः हिस्सेदार झाली. बाप त्या दिवशीं हयात असणें आवश्यक आहे काय, याविषयीं न्यायालयांत मतभेद होते. ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें विनीता शर्मा यांच्या खटल्यांत तसें आवश्यक नाहीं असा निर्णय दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर नोंदलेल्या दस्तानें वा न्यायालयाच्या हुकुमानें झालेल्या वांटण्या मात्र कायम राहतात.

कायदा बदलला म्हणून व्यवहार बदलला काय? डॉ. अगरवाल यांनीं दोघा सहकाऱ्यांसह सन २०२१ मध्यें याचें उत्तर प्रसिद्ध केलें. हैदराबादजवळील ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेनें नऊ राज्यांतील गांवांत सन २००९ ते २०१४ या काळांत वर्षानुवर्षें गोळा केलेली माहिती त्यांनीं वापरली. त्यांत आपला महाराष्ट्रही आहे. जमीनधारक कुटुंबांतील जमीनमालकांत स्त्रिया शेंकडा १४ सुद्धां भरत नव्हत्या, आणि त्यांच्या नांवें जमीन होती शेंकडा ११. त्यांतही बहुतेकींना ती विधवा म्हणून नवऱ्याकडून आलेली. मुलगी म्हणून बापाकडून मिळालेल्या अगदीं थोड्या. कायद्याचा कागद गांवापर्यंत आला, पण तो उंबरठा ओलांडून आंत गेला नाहीं.

शेतकऱ्यांचे आक्षेप

वाचकांच्या मनांत या ठिकाणीं कांहीं शंका उभ्या राहिल्या असतील. डॉ. अगरवाल यांनीं त्या टाळलेल्या नाहींत.

पहिली शंका तुकड्यांची. आधींच जमिनीचे तुकडे पडत आहेत. मुंबई प्रांतांत तुकडेबंदीचा कायदा सन १९४७ मध्येंच करावा लागला. त्यांत मुलींचे हिस्से पडले तर शिल्लक काय राहणार? उत्तर असें कीं, तुकडे मुलांच्या वांटण्यांनींही पडतात. चार मुलगे असलेला बाप त्यांपैकीं दोघांना तुकडेबंदीसाठीं वगळीत नाहीं. शिवाय मालकी वांटली म्हणजे वहितीही वांटलीच पाहिजे असें नाहीं. उताऱ्यावर चौघांचीं नांवें राहून जमीन एकत्र कसतां येते.

दुसरी शंका अंतराची. मुलगी दुसऱ्या गांवीं राहते, ती शेत कशी पाहणार? पण पुण्या-मुंबईस नोकरी करणारा भाऊही गांवीं राहत नाहीं. त्याचा हिस्सा मात्र कोणी सोडवून घेत नाहीं. तो बटाईनें लावतो किंवा भावाकडे देतो. जें त्याला साधतें तें बहिणीला कां साधूं नये? शिवाय महाराष्ट्रांत व दक्षिणेंत पुष्कळ मुली जवळच्या गांवांत, कित्येकदां नात्यांतच दिल्या जातात. उत्तरेकडील दूरच्या सोयरिकींच्या मानानें येथें ही अडचण लहान आहे.

तिसरी शंका नांगराची. बाईनें नांगर धरूं नये अशी रूढि आहे. परंतु नांगरट पुष्कळ ठिकाणीं भाड्याच्या ट्रॅक्टरनें होऊं लागली आहे, आणि ट्रॅक्टरला भाडें कोणी दिलें हें समजत नाहीं.

एकत्र कसण्याचा प्रयोग

तुकडा लहान, भांडवल थोडें, बाजारांत एकटीचें कोणी ऐकत नाहीं, अशा स्थितींतील स्त्रियांनीं काय करावें? याचें एक उत्तर केरळांत मिळतें. तेथें सन १९९८ मध्यें सुरू झालेल्या ‘कुटुंबश्री’ या सरकारी योजनेंतून स्त्रियांचे लहान लहान गट जमीन खंडानें घेऊन एकत्र शेती करूं लागले. खर्च, श्रम व नफा वांटून घ्यावयाचा, कर्ज गटानें काढावयाचें, अशी रीत. डॉ. अगरवाल यांनीं सन २०१२-१३ च्या वर्षाचा हंगामवार हिशेब गोळा करून या गटशेतीची तुलना त्याच भागांतील घरगुती शेतीशीं केली. केरळांत गटशेतीचें दर हेक्टरी वार्षिक उत्पन्न घरगुती शेतीच्या सुमारें १.८ पट निघालें, आणि दर शेतामागें निव्वळ नफा सुमारें पांचपट.

आंकडे डोळे दिपविणारे आहेत, परंतु डॉ. अगरवाल एवढ्यावर थांबल्या नाहींत. तोच हिशेब त्यांनीं तेलंगणांतही केला, आणि तेथें गटशेतीचें उत्पन्न घरगुती शेतीपेक्षां पुष्कळ कमी आलें. निव्वळ नफ्यांत मात्र दोन्ही बरोबरीच्या ठरल्या, कारण गटांतील स्त्रिया स्वतः राबत असल्यामुळें मजुरीचा खर्च वांचला. केरळांत केळीं व भाजीपाल्यासारखीं बाजारीं पिकें, लहान गट, साक्षर सभासद, बँकेचें कर्ज व सरकारी प्रशिक्षण यांची जोड होती. तेलंगणांत गट मोठे, पिकें पारंपरिक आणि पाठबळ तुटपुंजें. म्हणजे एकत्र शेती ही जादूची कांडी नव्हे. ती सहकारी पतपेढीसारखीच आहे. माणसें पारखून घेतलीं, हिशेब चोख ठेवला व पाठीशीं भांडवल असलें तर चालते, नाहींतर मोडते.

वनांविषयींचा त्यांचा अभ्यासही हेंच सांगतो. गुजरात व नेपाळ येथील १३५ वनसमित्यांची माहिती घेऊन सन २०१० च्या ग्रंथांत त्यांनीं दाखविलें कीं, ज्या समित्यांत स्त्रियांची संख्या पाव ते एक तृतीयांश होती तेथें स्त्रिया बोलूं लागल्या, आणि वनाची राखणही सुधारली. एकटी-दुकटी बाई समितींत बसविली तर ती केवळ सहीपुरती राहते.

आपल्याकडील परंपरा

महाराष्ट्राला हा विचार नवा नाहीं. सन १९८६ च्या नोव्हेंबरांत नाशिक जिल्ह्यांतील चांदवड येथें शेतकरी संघटनेचें स्त्रियांचें प्रचंड अधिवेशन भरलें होतें. त्यानंतर शरद जोशी यांनीं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली. शेतकऱ्यानें स्वखुशीनें आपल्या जमिनीचा कांहीं भाग पत्नीच्या नांवें करावा. ज्या गांवांत शंभर शेतकरी असें करतील तें लक्ष्मीमुक्तीचें गांव. कायद्याचा बडगा नाहीं, सरकारी बक्षीस नाहीं. तरी गांवेंच्या गांवें पुढें आलीं. सुनेला आपण लक्ष्मी म्हणून माप ओलांडवून घरांत आणतों. त्या शब्दाची किंमत उताऱ्यावर दिसावी, एवढीच ती मागणी होती.

प्रत्येक जमीनधारकास करतां येतील अशा कांहीं गोष्टी शेवटीं सांगतों. पहिली, वडिलांच्या पश्चात् वारसनोंद करतांना बहिणींचीं व आईचीं नांवें लागलीं कीं नाहीं, हें फेरफार पाहून खात्री करून घ्यावें. हक्कसोडपत्राचा विषय आपण होऊन काढूं नये. बहिणीला खरोखरीच हिस्सा सोडावयाचा असेल तर तिनें तो नांव लागल्यावर, आपला हिस्सा किती व त्याची किंमत काय हें जाणून, सवडीनें सोडावा. दुसरी, आपल्या हयातींतच जमिनीचा कांहीं भाग पत्नीच्या नांवें करावा. बक्षीसपत्र, मुद्रांक व नोंदणी यांचे चालू नियम दुय्यम निबंधकाच्या कचेरींत विचारून घ्यावेत. तिसरी, स्त्री सभासदांना आपल्या सोसायटीच्या सभेस बोलवावें, आणि एकटीला नव्हे, चौघी-पांचजणींना मिळून. पीककर्ज सात-बारा पाहूनच मिळतें, आणि सन २०१९ मध्यें सुरू झालेली किसान सन्मान निधीची योजनाही जमिनीच्या नोंदीवरच उभारली गेली. ज्या बाईचें नांव उताऱ्यावर नाहीं तिला, ती सारें आयुष्य शेतांत राबली असली तरी, शेतकरी म्हणून कोणतीच कचेरी ओळखत नाहीं.

डॉ. अगरवाल यांनीं ट्रॅक्टरपासून आरंभ करून चूल, घर, कायदा, वन व गटशेती असा प्रवास केला. परंतु प्रत्येक ठिकाणीं त्यांचा प्रश्न एकच राहिला: साधन कोणाच्या हातीं आहे? दिल्लींतील संसदेनें आपलें काम सन २००५ मध्यें केलें. राहिलेलें काम तलाठ्याच्या दप्तरापुढें, भावाबहिणींनीं एकत्र बसून करावयाचें आहे, आणि तें दुसऱ्या कोणास आपल्यासाठीं करतां येणार नाहीं. पुढच्या खेपेस उतारा काढाल तेव्हां त्यावरील नांवें एकदां मोठ्यानें वाचा, आणि शेतांत राबणाऱ्या हातांशीं तीं ताडून पाहा.